फिक्स्ड मॉर्गेजचा हप्ता वाढला कसा? महिन्याच्या पेमेंटमध्ये नेमकं काय काय असतं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मार्च २०२४ मध्ये आम्ही टेक्सासमध्ये केटी भागात (फोर्ट बेंड काउंटी) बिल्डरकडून नवं घर घेतलं. किंमत ४,५०,००० डॉलर, डाउन पेमेंट ५०,०००, कर्ज ४,००,०००. तीस वर्षं फिक्स्ड, ६.५ टक्के. तेव्हापासून हप्ता ३,१०८ डॉलर होता.

आता कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र आलंय. जूनपासून हप्ता ४,४९९! कारण दिलंय 'एस्क्रो शॉर्टेज ८,९८४ डॉलर'. व्याजदर तोच, कर्ज तेच, एकही हप्ता उशिरा गेलेला नाही. फोन केला तर "टॅक्स वाढला" एवढंच सांगतात. बायकोचं वर्क परमिट अडकल्यामुळे सध्या घरात एकच पगार आहे. महिन्याला जवळपास १,४०० डॉलर जास्त म्हणजे आमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. हे बरोबर आहे का, आणि असंच राहणार का, हे कुणी समजावून सांगेल का?

शलाका

कृष्णाकाठ, आधी धीर धरा. मी लोन प्रोसेसिंगमध्ये काम करते आणि नव्या वसाहतींतली अशी पत्रं दर वर्षी बघते. पत्रासोबत 'एस्क्रो अनालिसिस' असं लिहिलेली पानं असतील. त्यातले हे आकडे द्या: जुन्या हप्त्याची फोड, नव्या हप्त्याची फोड, आणि डिसेंबरमध्ये काउंटीला किती कर भरला. २०२४ चा कर किती भरला होता तेही बघा.

कृष्णाकाठ

जुना हप्ता: मुद्दल आणि व्याज २,५२८, प्रॉपर्टी टॅक्स १८०, घराचा विमा २५०, पीएमआय (कर्ज बुडण्याविरुद्धचा विमा) १५०.
नवा हप्ता: मुद्दल आणि व्याज २,५२८, टॅक्स ७७२, विमा ३००, पीएमआय १५०, शॉर्टेज ७४९.
२०२४ चा कर २,१६० भरला होता. २०२५ चा ९,२६०!

शलाका

वाटलंच होतं. आता नीट सांगते, थोडं मोठं होईल.

तुमचा हप्ता एकच दिसतो, पण त्यातले पैसे वेगवेगळ्या ठिकाणी जातात. २,५२८ कर्जाचे. हे तीस वर्षं हलणार नाहीत, 'फिक्स्ड' हा शब्द फक्त यांच्यापुरता आहे. बाकीचे पैसे कंपनी स्वतःकडे ठेवत नाही. एस्क्रो खात्यात साठवते आणि वेळ आली की तुमच्या वतीने काउंटीचा कर आणि विम्याचा प्रीमियम भरते. कर किती हे काउंटी, शाळा आणि एमयूडी (वसाहतीच्या पाणी-सांडपाण्याच्या सोयींसाठी कर लावणारी स्थानिक संस्था) ठरवतात, प्रीमियम विमा कंपनी ठरवते. त्या रकमा बदलल्या की हप्ता बदलतो.

आता तुमचाच कर एवढा का उसळला? टेक्सासमध्ये त्या वर्षाची किंमत १ जानेवारीला जागेवर काय उभं आहे त्यावर ठरते. १ जानेवारी २०२४ ला तुमच्या प्लॉटवर घर नव्हतं किंवा अर्धवट होतं. म्हणून २०२४ चं बिल जवळजवळ नुसत्या जमिनीचं आलं: २,१६०. त्याला बाराने भागलं की तुमचे ते १८०. डिसेंबर २०२५ चं बिल पूर्ण घराचं, पण तोवर खात्यात १८० च्याच हिशेबाने पैसे जमत होते. बिल ९,२६०, जमा २,१६०, म्हणजे ७,१०० कमी. विम्याचं नूतनीकरण ३,००० ऐवजी ३,६०० ला झालं, तिथे आणखी ६०० कमी. आणि कायद्याने कंपनी खात्यात जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या एस्क्रोएवढी गंगाजळी ठेवू शकते. आधी ती ८६० होती, नव्या दराने २,१४४ लागते, म्हणजे १,२८४ आणखी. बेरीज करा: ८,९८४. बाराने भागा: ७४९. पत्र बरोबर आहे.

महत्त्वाचं हे की ७४९ हे एक वर्षापुरते आहेत. ती भरपाई संपली की हप्ता ३,७५० च्या आसपास यायला हवा. ३,१०८ वर मात्र तो परत येणार नाही, कारण तो आकडा रिकाम्या प्लॉटच्या करावर बांधलेला होता. तुमच्या घराचा खरा हप्ता पहिल्या दिवसापासून ३,७०० च्या घरातला होता आणि हे कुणीतरी तुम्हाला क्लोजिंगच्या (घराच्या अंतिम व्यवहाराच्या) टेबलावर सांगायला हवं होतं. नवं, कर न लागलेलं बांधकाम असेल तर आसपासच्या तशाच घरांवरून कराचा अंदाज धरायची मुभा फेडरल नियमांत आहे. पण हप्ता कमी दिसला की घर परवडतंय असं वाटतं, म्हणून बरेच जण ती वापरत नाहीत. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

निशिगंध

बाप रे. आम्ही ऑस्टिनजवळ नवीन घर बघतोय. बिल्डरच्या माणसाने दिलेल्या कागदावर टॅक्स महिना १६० लिहिलाय. म्हणजे हेच का?

शलाका

निशिगंध, अगदी हेच. त्या भागाचा एकूण कराचा दर विचारा: काउंटी, शाळा, शहर, एमयूडी, सगळे मिळून. नव्या वसाहतींत एमयूडी असेल तर दोन-सव्वादोन टक्क्यांच्या वर सहज जातो. पूर्ण किमतीवर तो लावून बाराने भागा आणि त्या आकड्यावर तुमचं बजेट बसतंय का बघा. कर्ज देणाऱ्याला लेखी सांगा की एस्क्रो पूर्ण किमतीवर जमा करायचा. अर्ज केल्यावर तीन कामाच्या दिवसांत 'लोन एस्टिमेट' मिळतं आणि क्लोजिंगच्या निदान तीन कामाचे दिवस आधी 'क्लोजिंग डिस्क्लोजर'. दोन्हींच्या पहिल्याच पानावर 'प्रोजेक्टेड पेमेंट्स'चा तक्ता असतो. व्याजदराच्या आधी तिथली कराची ओळ वाचा.

एडिसनकर

शलाकाताईंनी एस्क्रो छान उलगडला. मी मुद्दल-व्याजाबद्दल लिहितो, कारण तिथेही लोकांना धक्का बसतो.

कृष्णाकाठ यांचेच आकडे घेऊ. पहिल्या महिन्याचं व्याज म्हणजे चार लाखांवर ६.५ टक्के, भागिले बारा: २,१६७ डॉलर. हप्ता २,५२८, म्हणजे मुद्दलात गेले फक्त ३६१-३६२. पुढच्या महिन्यात कर्ज तेवढ्याने कमी, म्हणून व्याज दोन डॉलरने कमी आणि मुद्दल दोन डॉलरने जास्त. असं मुंगीच्या पावलांनी चालतं. पाच वर्षांत दीड लाखाच्या वर भरून झालेले असतात आणि कर्ज कमी झालेलं असतं सुमारे साडेपंचवीस हजारांनी. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा व्हायला विसावं वर्ष उजाडतं. तीस वर्षांत एकूण व्याज पाच लाख दहा हजार, मूळ कर्जापेक्षा जास्त.

यात कुणी फसवत नाही, शिल्लक रकमेवर व्याज लावलं की गणित असंच येतं. पण हे कळलं की सुरुवातीच्या वर्षांत टाकलेल्या जादा पैशाचं मोल कळतं. याच कर्जात पहिल्यापासून महिन्याला ३०० डॉलर जादा मुद्दलात टाकले तर कर्ज साडेबावीस वर्षांच्या आतच फिटतं आणि व्याजाचे जवळपास दीड लाख डॉलर वाचतात. फक्त पैसे पाठवताना ते 'प्रिन्सिपल'साठी आहेत असं निवडा, नाहीतर पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ धरले जाऊ शकतात. आणि जादा भरल्याने दरमहाचा हप्ता कमी होत नाही, मुदत कमी होते. हप्ताच कमी हवा असेल तर मोठी रक्कम भरून 'रीकास्ट' मागावा लागतो. व्याजदर तोच राहतो, थोडी फी लागते, पण सगळीच कर्जं त्याला पात्र नसतात.

कोथरूडचे काका

माझा मुलगा डॅलसला आहे, म्हणून हा धागा वाचतोय. मला एक कळत नाही. घरपट्टी आपली, ती भरायला बँक कशाला मध्ये? पुण्यात मी महापालिकेत घरपट्टी स्वतः भरतो, बँकेला फक्त ईएमआय जातो.

एडिसनकर

काका, प्रश्न रास्त आहे. इथे कर थकला तर सरकारी हक्क घरावर बँकेच्या आधी लागतो. कर भरला नाही म्हणून घर लिलावात गेलं तर बँकेचं तारणच गेलं. घर जळालं आणि विमा नसेल तरी तेच. म्हणून बँक दोन्ही आपल्या हाताने भरते. शिवाय रकमा मोठ्या असतात. माझ्याकडे न्यू जर्सीत कर तिमाहीने भरावा लागतो, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या एक तारखेला. साध्या टाउनहाउसलाही वर्षाला दहा-बारा हजार डॉलर होतात.

भारतात नेमकं उलटं आहे बघा. तिथे घरपट्टी तुलनेने किरकोळ आणि ईएमआयमध्ये धरत नाहीत, पण व्याजदर बहुतेक फ्लोटिंग. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधली गेली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा पुष्कळांचा ईएमआय तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा.

कोथरूडचे काका

आता उमगलं. माझ्या पुतण्याची मुदत अशीच वाढली होती. मुलाला आज फोन करून त्याचा एस्क्रो बघायला सांगतो.

सह्यवारा

कॅलिफोर्नियातल्या लोकांसाठी एक भर. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे इथे मूळ कर खरेदी किमतीच्या एक टक्का, वर स्थानिक बाँड वगैरे, आणि करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. त्यामुळे टेक्साससारखी उडी कमी. पण घर घेतल्यावर काही महिन्यांनी 'सप्लिमेंटल टॅक्स बिल' येतं, आधीच्या मालकाच्या किमतीत आणि तुमच्या किमतीत जो फरक असतो त्यावरचं. हे बिल सहसा एस्क्रोतून जात नाही, थेट तुमच्या पत्त्यावर येतं. बँक भरेल म्हणून बाजूला ठेवलं तर दहा टक्के दंड बसतो. नव्या वसाहतीत मेलो-रूसही (वसाहतीच्या सोयींसाठीचा जादा कर) विचारा. आणि एचओए (सोसायटीची वर्गणी) कुठल्याच राज्यात या हप्त्यात धरू नका, ती बहुतेक वेळा वेगळी जाते.

निशिगंध

पीएमआय कुणी समजावेल का? आम्हीही वीस टक्के भरू शकत नाही. हा विमा आमच्यासाठी असतो का?

शलाका

नाही. प्रीमियम तुमचा, संरक्षण बँकेचं. तुम्ही कर्ज बुडवलं तर तिचं नुकसान भरून निघतं. पण तो जन्मभराचा नाही. १९९८ च्या कायद्याने, कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तुम्ही लेखी अर्ज करून तो काढायला सांगू शकता. हप्ते वेळेवर गेलेले हवेत, घराची किंमत पडलेली नको आणि दुसरं कर्ज त्यावर नको. ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे ७८ टक्के झाले की तो आपोआप निघतो.

कृष्णाकाठ यांच्या कर्जात ८० टक्के म्हणजे ३,६०,००० शिल्लक. ते येतं सात वर्षं तीन महिन्यांनी. ७८ टक्के येतात साडेआठ वर्षांनी. म्हणजे अर्ज केला नाही तर पंधरा महिने १५० डॉलर उगाच जातात, २,२५० डॉलर. तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये घाला. घराची किंमत वाढली असेल तर नव्या मूल्यांकनावरही काढता येतो. फॅनी मे किंवा फ्रेडी मॅककडे (बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्था) असलेल्या कर्जांना दोन ते पाच वर्षांत ७५ टक्के आणि पाच वर्षांनंतर ८० टक्के ही मर्यादा असते.

एफएचए (सरकारी हमीचं) कर्ज मात्र वेगळं. तिथे १.७५ टक्के सुरुवातीलाच कर्जात चढतात, वर दरमहा वेगळा प्रीमियम असतो, आणि दहा टक्क्यांपेक्षा कमी डाउन पेमेंट असेल तर तो कर्ज संपेपर्यंत निघत नाही. क्रेडिट स्कोअर चांगला असेल तर आधी कन्व्हेन्शनलचा (सरकारी हमी नसलेल्या कर्जाचा) भाव घ्या.

कृष्णाकाठ

शलाकाताई, एडिसनकर, फार फार आभार. दोन वर्षांत पहिल्यांदा माझाच हप्ता मला समजला. आता प्रश्न: ८,९८४ एकदम भरून टाकू का? बचत आहे थोडी. आणि कर कमी करता येईल का?

शलाका

एकदम भरलेत तर हप्ता लगेच ३,७५० होईल, पण माझं स्पष्ट मत: भरू नका. या तुटीवर कंपनी व्याज लावत नाही. घरात एक पगार असताना नऊ हजारांची बचत बिनव्याजी तुटीत घालणं मला पटत नाही, ते पैसे हाताशी राहू देत. नियमाप्रमाणे एवढ्या शॉर्टेजसाठी निदान बारा महिने द्यावेच लागतात, जास्त द्यायला बंदी नाही. फोन करून चोवीस महिने मागा. काही कंपन्या देतात. एक बारकावा सांगते. खातं शून्याखाली जाऊन कंपनीने पदरचे पैसे घातले असतील तर त्या भागाला 'डेफिशियन्सी' म्हणतात आणि तो दोन हप्त्यांतही मागता येतो. तुमच्या कंपनीने सगळं बारावर पसरलंय, म्हणजे बोलायला जागा आहे.

करासाठी दोन गोष्टी. होमस्टेड एक्झेम्प्शन (स्वतः राहत्या घराला मिळणारी करातली सूट) लागलंय का?

कृष्णाकाठ

हो, २०२५ पासून. बिलात शाळेच्या करापुढे १,४०,००० वजा दिसतायत.

शलाका

उत्तम. नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात ती सूट एक लाखावरून १,४०,००० झाली. तुमच्या ४,५०,००० च्या घरावर शाळा १.१ टक्के ३,१०,००० वरच लावते, ३,४१०. बाकीचे १.३ टक्के पूर्ण किमतीवर, ५,८५०. मिळून ९,२६०, जुळलं. होमस्टेडचा दुसरा फायदा असा की पुढच्या वर्षापासून करपात्र किंमत एका वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही.

दुसरं, प्रोटेस्ट. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टची (करासाठी घरांची किंमत ठरवणारं कार्यालय) नोटीस आली की १५ मे, किंवा नोटिशीनंतर तीस दिवस, यातली जी तारीख नंतरची असेल तोवर हरकत घेता येते. फी नाही, ऑनलाइन होते. तुमच्याच गल्लीतली त्याच आराखड्याची घरं कितीला धरली आहेत ते त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं. एखादं कमी किमतीला धरलेलं असेल तर तो मुद्दा धरून बोला. किंमत २०,००० ने खाली आली तर तुमच्या दराने वर्षाला ४८० डॉलर वाचतात.

आणि घर घेतल्यावर सरकारी वाटतील अशी पत्रं येतात, 'होमस्टेड नोंदवून देतो, इतकी फी द्या'. तो अर्ज काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे फुकट करता येतो. कुणालाही पैसे देऊ नका.

सह्यवारा

विम्याचं कुणी बोललं नाही. ३,६०० नूतनीकरण निमूट स्वीकारू नका, एस्क्रो असला तरी विमा कंपनी निवडायचा हक्क तुमचाच. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, बदललात तर नवी पॉलिसी कर्ज कंपनीला लगेच पाठवा आणि मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नका. खंड दिसला तर ती स्वतः महागडा विमा लादते आणि त्याचे पैसे तुमच्याच हप्त्यात येतात. भाव बघताना फक्त प्रीमियम बघू नका. टेक्सासमध्ये वारा आणि गारांचं डिडक्टिबल बहुतेकदा टक्क्यांत असतं. चार लाखांच्या संरक्षणावर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमचे.

एडिसनकर

आणि पूर! घराच्या साध्या विम्यात पुराचं पाणी येत नाही. बँक फक्त धोक्याच्या क्षेत्रातच पूरविमा सक्तीचा करते, पण २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाच्या वेळी ह्यूस्टन भागात त्या क्षेत्राबाहेरची हजारो घरं बुडाली. सरकारी योजनेत इमारतीला अडीच लाख आणि सामानाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं. सहसा तीस दिवस थांबावं लागतं, वादळ समुद्रात दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. हप्ता आणखी वाढेल हे मला कळतंय, पण केटीत राहता म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

निशिगंध

आणखी एक. कर्ज दुसऱ्या कंपनीकडे गेलं असं मैत्रिणीला पत्र आलंय. एस्क्रोतले पैसे बुडतात का?

शलाका

नाही, शिल्लक नव्या कंपनीकडे जाते. अटीही बदलत नाहीत. जुन्या कंपनीने पंधरा दिवस आधी कळवायला हवं, आणि बदलानंतर साठ दिवस चुकून जुन्या पत्त्यावर वेळेत गेलेला हप्ता उशिराचा धरता येत नाही. तिने पत्र जुन्या आणि नव्या, दोन्ही कंपन्यांकडून आलंय ना ते तपासावं, एकच आलं असेल तर पैसे पाठवण्याआधी जुन्या कंपनीला तिच्या नेहमीच्या नंबरवर फोन करावा. बदल वर्षाच्या शेवटी झाला असेल तर कर कुणी भरला हे काउंटीच्या संकेतस्थळावर बघावं. टेक्सासमध्ये मुदत ३१ जानेवारी.

कृष्णाकाठ

अपडेट. कंपनीला फोन केला, शलाकाताईंनी सांगितलेले शब्द वापरले. चोवीस महिने मिळाले! शॉर्टेज आता ३७४ होईल, हप्ता ४,१२४. प्रोटेस्टचा अर्ज काल ऑनलाइन भरला, शेजारच्या त्याच आराखड्याच्या घराची किंमत ४,३१,००० धरलेली सापडली. पूरविम्याचे भाव मागवलेत. शेजारी एक तेलुगू कुटुंब आहे, त्यांनाही असंच पत्र आलंय. उद्या त्यांच्याकडे बसून त्यांची फोड काढून देणार आहे.

शलाका

वा! शेजाऱ्यांना सांगा, होमस्टेड आधी तपासा. राहून गेलं असेल तर मागच्या वर्षांसाठीही उशिरा अर्ज करता येतो, कर थकीत धरला जातो त्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत.